परक्या वावरातला रविवार

रविवारी सकाळी दुसऱ्या चहाला मी जाहीर केलं, “चला, वाघ पाहायला जाऊ.” आमच्या घरात माझे निर्णय असेच होतात आणि असेच फसतात. बायकोनं विचारलं, “बुकिंग केलं का?” मी म्हणालो, “आपल्याच जिल्ह्यातला वाघ, त्याले कायचं बुकिंग?” ती पराठे लाटायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस वाद घालत नाही, डबा भरतो.

खरं कारण वाघ नव्हता, आई होती. वडील गेल्यावर मी मारेगावकडचं वावर वर्षभरासाठी मक्त्यानं दुसऱ्याला कसायला दिलं आणि तिला यवतमाळला फ्लॅटमध्ये आणलं. “आयुष्यभर राबलीस, आता आराम कर,” हे तिला पाहुण्यांसमोर मोठ्या आवाजात ऐकवलं. तेव्हापासून ती आराम करत होती, म्हणजे गॅलरीत बसून होती. जेवायची अर्धी पोळी. बोलणं ‘हो’ आणि ‘नाही’. ही अशीच विझत जाणार, अशी मला भीती वाटायची. उपाय म्हणून मी आधी मोठा टीव्ही आणला, मग गुडघे शेकायची पिशवी. वाघ हा त्यापुढचा उपाय.

पांढरकवड्यापुढं अभयारण्याच्या गेटवर कळलं की आजच्या सगळ्या गाड्या भरल्या. “अहो, मी इथलाच आहे,” असं मी तिथल्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगितलं. मुलगी म्हणाली, “बाबा, वाघही इथलाच आहे. फक्त तो आत आहे.” मी गॉगल पुसत गाडीत बसलो.

परतताना केळापूरच्या अलीकडं एका कडुलिंबाखाली सतरंजी अंथरली. ऊन छान होतं, गार वारा होता. समोरच्या वावरात कापूस फुटून पांढरा झाला होता. बायकोनं डबा उघडला आणि पाहतो तर आई सतरंजीवर नाही. वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून उतरून ती कपाशीत शिरली होती. पदराची ओटी खोचलेली, दोन्ही हात भराभर चाललेले.

“आई, हे आपलं वावर नाही!”

“मले दिसत नाही काय? कापूस लोंबून राह्यला बाप्पा. खाली पडला तं माती होईन त्याची.”

तिला आणायला मुलगी गेली, ती ओढणीची ओटी करून तिथंच राहिली. मग बायको गेली. शेवटी मी गेलो, पांढरे बूट आणि टोपी घालून. ऑफिसातल्या प्रत्येक भाषणात मी शेतकऱ्याचा मुलगा असतो. इथं पहिल्याच बोंडाचं वाळलेलं टोक नखाखाली घुसलं आणि मी केवढ्यानं तरी ओरडलो.

“पाल्यासकट कायले ओढून राह्यला? साहेब झाला मोठा! सरक तिकडं, पोरीच्या मागं चाल.”

किती महिन्यांनी तिनं मला पुरतं झापलं होतं! मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम आणखी पाला वेचला.

तेवढ्यात मोटरसायकलवरून वावराचा मालक आला. “ओ! दिवसाढवळ्या कारनं येऊन कापूस चोरून राह्यले काय?”

“तुमचा गैरसमज होतोय,” मी साहेबी आवाजात सुरू केलं. माझ्या हातातली टोपी कापसानं भरलेली होती.

आईचे हात थांबले नाहीत. “वेचाले बाया नाही भेटल्या काय?” तिनं त्याला विचारलं.

“नाही ना माय. गावोगाव फिरून राह्यलो.”

झालं. मग त्या दोघांचं बोलणं बोंडअळी, पाऊस, भाव असं सुरू झालं. माझी चोरी कोणाच्या लक्षातही राहिली नाही. सगळ्यांचा कापूस त्याच्या पोत्यात रिकामा केला. आईनं त्याला आग्रह करून जेवायला बसवलं, आणि स्वतः ठेच्याबरोबर तीन पराठे खाल्ले. निघताना तो हसत म्हणाला, “रोजच येत जा आता.”

गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली. मग आईनं विचारलं, “तो खरंच म्हणाला काय रे, रोज या म्हणून?”

तो गंमत करत होता, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडं पाहून मी ते गिळलं. “आई,” मी म्हणालो, “आपल्या वावराचा मक्ता गुढीपाडव्याला संपतो.”

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. “गॅलरीत बसून मी दुसरं काय मोजून राह्यली?”