आई न्हाय, आक्का हाय

गोदा गेल्याचं मला तिच्या मुलानं येऊन सांगितलं. मी शिकवते ती शाळा सुटायच्या वेळी जोसू फाटकाशी टोपी हातात धरून उभा होता. लॉरीच्या कारखान्यातून तसाच आलेला, हातांना तेलकट काळं लागलेलं. "मावशी, आई गेली. काल दुपारी," एवढंच म्हणाला. मी रडायच्या आधी रागावले. इतके दिवस ती अंथरुणाला खिळून होती आणि मला कुणी एका शब्दानं कळवू नये? तो खाली मान घालून म्हणाला, "तिनंच कळवू दिलं न्हाय. म्हणाली, कमळा येईल आणि डॉक्टरशी भांडंल." भांडले असतेच मी. जन्मभर तिच्यासाठी भांडतच आले, आणि एकदाही जिंकले नाही...

बेळगावच्या कॅम्पातले लोक तिला रोझबाई म्हणत. नवरा पास्कू सुतार, तोही रोझच म्हणायचा. गोदा म्हणणारी मी एकटीच उरले होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असा रिवाज आहे आणि गोदाबद्दल मला चांगलंच बोलायचं आहे. तिच्या हातची भाकरी, तिचं खदखदून हसणं, शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या साऱ्या गल्लीची नक्कल करणं, सगळं लिहायचं आहे. पण बाकीच्यांबद्दल चांगलं बोलायची सक्ती माझ्यावर नाही. ज्या बोर्डिंगात आम्ही दोघी वाढलो ते केव्हाच बंद झालं, म्हणून त्याचं नाव घेत नाही. तिथल्या जोगिणींना आम्ही सिस्टर म्हणत होतो आणि त्यांच्या मुख्य बाईला मदर. मदर! त्या शब्दाची अशी थट्टा मी पुन्हा कुठं पाहिली नाही.

मी तिथं गेले ते आई वारली म्हणून. वडील जंगलखात्यात, आज खानापूर तर उद्या आणखी कुठल्या रानात. मुलीला ठेवणार कुठं? ते फी भरत, म्हणून मी 'बोर्डर'. आमचं जेवणाचं टेबल वेगळं, कपडे वेगळे, आणि मार जरा बेताचा. दुसऱ्या बाजूला अनाथ मुली. त्या पहाटे उठून सगळ्यांचे कपडे धूत. थंडीच्या दिवसांत सोड्याच्या पाण्यानं त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडत, आणि चादरीला रक्ताचा डाग लागला की त्यासाठी पुन्हा छड्या. रात्री अंथरूण ओलं केलेल्या पोरीला सकाळी तीच ओली चादर डोक्यावर घेऊन अंगणात उभं करत, आणि आम्हा बाकीच्यांना तिच्यासमोरून रांगेनं प्रार्थनेला नेत. कलेक्टरची मडम आली की याच मुलींना पांढरे झगे घालून गाणं म्हणायला लावत. मडम डोळे पुसायची. गोदा या मुलींत होती. आई माझी मेलेली आणि अनाथ ती! हे कसं झालं तेच सांगायला मी बसले आहे.

गोदा उचगावची. बाप ती पोटात असतानाच गेला, म्हणून तिची आई माहेरी येऊन राहिली. भावंडांत ही आई थोरली. धाकटे भाऊ तिला आक्का म्हणत, भाऊ म्हणत म्हणून भावजया म्हणत, शेजारीपाजारी म्हणत. त्या घरात बोलायला शिकलेली पोर दुसरं काय म्हणणार? तीही आपल्या आईला आक्काच म्हणायला लागली. आपल्याकडे यात नवल ते काय? कुणी आईला वैनी म्हणतं, कुणी आक्का म्हणतं, आणि कुणाचं काही अडत नाही. अडलं ते गोदाचं. प्लेगाच्या साथीत गाव माळावर झोपड्या घालून राहिलं, आक्काला गाठ आली, तिला उचलून आजाऱ्यांच्या छपरात नेलं. ती काही वाचत नाही असं सगळ्यांनीच धरलं. मामा आपापल्या पोराबाळांच्या धास्तीत, आणि साथीत मदत करत फिरणाऱ्या कुणा भल्या गृहस्थानं ही एकटी पोर उचलून बोर्डिंगात आणून सोडली. मदर गोरी, तिला मराठीचा गंध नाही. शेजारी दुभाषी सिस्टर. तिनं विचारलं, "तुला आई आहे?"

"आई न्हाय," गोदा म्हणाली.

"मग कोण आहे?"

"आक्का हाय."

झालं. वडील नाहीत, आई नाही, एक थोरली बहीण, तीही बहुधा प्लेगात गेलेली. गोदाचे केस कापले, डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं आणि तिची रोझ केली. हे सगळं तिनं मला हसत हसत सांगितलं होतं. आई म्हणजे देवळातली, यल्लम्माआई, मरगाई, असं तिला वाटायचं. "ती मला कुठली असायला?" असं म्हणायची. सात वर्षांची पोर होती हो ती.

आणि आक्का वाचली. गाठ फुटली, महिनाभर ती मरणाच्या दारात होती, आणि अंगात उभं राहण्याइतकी ताकद आली तशी लेकीला शोधत बेळगावात आली. शनिवारचा बाजार होता. डोक्यावर रताळ्यांची पाटी, ती तशीच घेऊन ती बोर्डिंगाच्या फाटकाशी आली. आम्ही मुली अंगणात होतो. मदर आणि दुभाषी सिस्टर फाटकाशी गेल्या. "मी पोरीची आई हाय, पोर न्यायला आलोय," असं ती सांगत होती, तेवढ्यात गोदानं तिला पाहिलं. हातातलं धुणं टाकून ती धावत सुटली आणि गळा काढून ओरडली, "आक्का! आगं आक्का!" मला अजून ती हाक ऐकू येते... सिस्टर वळली आणि मदरला म्हणाली, "बघा, बहीण आहे. आई म्हणून खोटं सांगते." पोरीच्या तोंडूनच साक्ष मिळाली, आणखी काय पाहिजे! बहिणीच्या ताब्यात पोर देता येत नाही असं सांगून त्यांनी फाटक लावून घेतलं.

पुढच्या बाजारी आक्कानं भावाला साक्षीला आणलं. धिप्पाड माणूस, पटका बांधलेला, पण मदरसमोर उभा राहिल्यावर घाम फुटला त्याला. सिस्टरनं विचारलं, ही कोण? बिचारा हात जोडून म्हणाला, "आवो बाईसाब, ही आमची आक्का. समद्या उचगावाला इचारा, आक्काच हाय ही!" सिस्टर हसली. मीही त्या वेळी हसले असते, पण गोदाचा चेहरा पाहिला. तिला काहीच कळत नव्हतं. सगळे खरं बोलत होते आणि प्रत्येक खऱ्या शब्दासरशी फाटक आणखी घट्ट होत होतं.

मी धीर करून सिस्टरला सांगायला गेले. म्हटलं, सिस्टर, ती आईलाच आक्का म्हणते, त्यांच्यात तसंच म्हणतात. मला उलट बोलल्याबद्दल खडीवर गुडघे टेकून उभं केलं. पण आक्का शहाणी बाई. तिच्या ध्यानात आलं की घोटाळा शब्दाचा आहे. त्यानंतर एकदा प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या जोगिणी आत असताना, ती कुंपणाशी आली आणि बाहेरून लेकीला शिकवू लागली. "आई म्हण. गोदे, मला आई म्हण की गं." गोदा लाजली. म्हणाली, "असं कसं म्हणू तुला? तू आक्का हाईस." "म्हण गं माझी बाय. मग घरला जायाचं." शेवटी गोदानं म्हटलं. दिवसभर ती तोंडातल्या तोंडात घोकत होती, आई, आई, आई, आणि शनिवारी फाटकाशी सिस्टरसमोर मोठ्यानं म्हणून दाखवलं, "ही माझी आई हाय." सिस्टरनं मदरकडे पाहिलं. "परवापर्यंत आक्का होती, आज आई झाली. पढवून आणलंय." खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून गोदाला जिन्याखालच्या सरपणाच्या खोलीत कोंडलं. आत विंचू असायचे. ती बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. आक्काला फाटकाशी यायची बंदी झाली. तरी ती येई, आणि रस्त्यापलीकडे चिंचेखाली पाटी ठेवून बसून राही. पुढं गोदाला पाठीमागच्या धुण्याच्या चौकातून बाहेरच पडू देईनात, आणि चिंचेखाली कोण बसलंय ते मी जाऊन तिला सांगायची.

माझ्या वडिलांची बदली बेळगावला झाली आणि मी सुटले. गोदा तिथंच राहिली, लग्न होईपर्यंत. पास्कू मात्र सोन्यासारखा निघाला. लग्न झाल्याबरोबर तो तिला घेऊन उचगावला गेला. तोवर आक्का मोठ्या तापाच्या साथीत गेलेली. मामानं दोघांना जोत्यावर बसवलं, आत घेतलं नाही. करवंटीतून पाणी दिलं. बाटलेली भाची! मदरसमोर हात जोडून साक्ष दिलेला तोच हा मामा. सगळा दोष गोऱ्या बायकांवर टाकून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण ही करवंटी आमच्या माणसांची आहे, ती कशी लपवू?

त्यानंतर गोदानं आक्का हा शब्द टाकला. पुन्हा तोंडातून काढला नाही. बेळगावात राहायचं आणि आक्का म्हणायचं नाही, म्हणून घेऊ द्यायचं नाही, हे किती कठीण! भाजीवाली सहज म्हणायची, "काय पायजे आक्का?" की ही तिथून चालू पडायची. शेजारची पोरं आक्का म्हणाली तर शिवण टाकून उठायची, "रोझबाई म्हण, न्हायतर हाकच मारू नकोस." लोकांना वाटे, बाई मिजासखोर आहे. स्वतःच्या मुलांना मात्र आई म्हणायला शिकवलं. कॅम्पातली इतर पोरं मम्मा म्हणत, हिची मुलं आई म्हणत. जोसू लहान असताना त्याला मांडीवर घेऊन, तोंड धरून शिकवायची, "आई म्हण. नीट म्हण. कुणीबी इचारलं तर काय सांगायचं?" पोर हसत सांगायचं, "आई हाय!" ते ऐकून ती पुन्हा एकदा म्हणायला लावी. मुलांना यामागचं काहीच तिनं सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कशाला? त्यांची आजी फाटकाबाहेर बसल्याली त्यांना दिसाय पायजे व्हय?"

बोर्डिंग बंद व्हायच्या जरा आधी ती एकदा तिथं गेली होती. मला सोबत नेलं. मदर नवीन, मराठी शिकलेली, बोलायला गोड. गोदानं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही नुसतं तोंडानं म्हणा की मला आई होती. कुणाला सांगू नका. मला सांगा." मदरनं तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, जुन्या गोष्टी मनात ठेवू नकोस, संस्थेनं तुला जीवदान दिलं, प्रार्थना करत जा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही नाही ते बोलले मी तिथं. गोदा उठली. रस्त्यानं येताना मलाच समजावत होती, "सोड गं कमळे. तिला तरी काय ठावं?" मी सोडलं नाही. आजही सोडलेलं नाही.

गेल्या रविवारी तिच्यासाठी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती. मी एरवी कशाला तिथं जाते? पण जोसू बोलवायला आला, म्हणून गेले, मागच्या बाकावर बसले. फादर तरुण, आपल्याच मुलखातले, मराठी बोलणारे. त्यांनी नावं वाचली आणि म्हणाले, "रोझ आणि तिची दिवंगत थोरली बहीण आक्का, यांच्या आत्म्यांना शांती मिळो." बाहेर आल्यावर मी जोसूचा दंड धरला. हे काय रे? तो गोंधळला. "मावशी, शेवटी शेवटी आई सारखी आक्का, आक्का करत होती. रात्रंदिवस. आम्हाला कुणालाच म्हाईत न्हाय कोण ते. थोरली बहीण असंल, म्हणून तिचंबी नाव घाला म्हटलं. का, चुकलं व्हय?"

मी त्याला तिथंच पायरीवर बसवून सगळं सांगितलं. फाटक, चिंच, सरपणाची खोली... तो ऐकत गेला, तोंडावर हात धरून. मग उठला आणि तसाच आत गेला, मी त्याच्यामागून. "फादर, ती बहीण न्हवती. माझी आजी होती. आईची आई."

फादर चांगले आहेत, मला त्यांच्याबद्दल राग नाही. त्यांनी जोसूच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, दुःखात माणसाला काहीही वाटतं. रोझला आई नव्हती. ती अनाथ होती, साऱ्या कॅम्पाला माहीत आहे."

जोसू माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही सांगा. तुम्ही बघितलंय."

मी सांगितलं. न रागावता, न रडता, एकेक शब्द सावकाश सांगितला. फादरनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. मग जरा विचार केला आणि अगदी मनापासून मला विचारलं, "पण बाई, ती आई होती, तर रोझ तिला आक्का का म्हणत होती?"