फोटोची मागची बाजू

फोटोची मागची बाजू मी पाहिली नाही, ही माझी चूक. ती पाहिल्यावर दोन वर्षं गप्प बसलो, त्याला मात्र चूक म्हणता येणार नाही. ते मी जाणूनबुजून केलं.

माझी बायको जपानी, सेंदाईची. आम्ही कावासाकीला राहतो आणि मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. सासरे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. माझं जपानी ऑफिसपुरतं, त्यांची बोली उत्तरेकडची, अर्धी तोंडातच राहणारी. त्यामुळे लग्नानंतर कितीतरी वर्षं आमचं बोलणं हवा आणि जेवण यांच्यापलीकडे गेलं नव्हतं. मी त्यांना ओतोसान म्हणायचो, म्हणजे बाबा. ते मला माझ्या गावावरून पुणे-सान म्हणायचे, म्हणजे पुणेराव. "पुणे-सान, चेहरा पडलाय. घरातलं तिखट संपलं वाटतं." थट्टा एवढीच.

एका नववर्षाच्या सुट्टीत मी त्यांना टॅबलेटवर अमेरिकेतल्या एका संग्रहालयाची चित्रं दाखवली. सगळा संग्रह ऑनलाइन, कुणीही पाहावा, हवा तेवढा मोठा करून पाहावा असा. ओतोसाननी आधी हात पुसले, मग काचेवर दोन बोटं ठेवली. जलरंगातलं कुठल्याशा बंदराचं चित्र होतं, धक्क्यावर बर्फ पडलेलं. ते चित्र मोठं करत करत पार कागदाच्या दाण्यापर्यंत पोचले.

"बघ. बर्फ रंगवलेलंच नाही. कागद तसाच सोडलाय."

"सोपं आहे मग," मी म्हणालो.

"पाटी रंगवताना मी न रंगवता सोडून दिलं असतं, तर दुकानदाराने मला सोडलं असतं का?"

ते इतकं हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. त्यानंतर दर रविवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल ठरून गेला. मी इकडून चित्र लावायचो, ते तिकडून बोलायचे. माझे वडील मी तिशीत असताना गेले. त्यानंतर कुणी वडीलधारं माणूस माझ्या फोनची वाट बघतंय, हे पहिल्यांदा घडत होतं.

चित्रांवरून आम्ही जुन्या फोटोंकडे वळलो. युद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी काढलेले फोटो त्यांच्या मुलानातवंडांनी तिकडच्या ग्रंथालयांना दिले होते आणि तेही असेच ऑनलाइन होते. एका रविवारी ओतोसान नेहमीच्या जागी बसले, पण चित्र लाव म्हणाले नाहीत.

"पुणे-सान, एक काम आहे. जमलं तर."

त्यांची एक मोठी बहीण होती, बारा वर्षांची. ते पाच वर्षांचे असताना ती त्यांना पाठीला बांधून फिरायची, कारण त्यांच्या पायाला जखम होती. सेंदाईच्या स्टेशनसमोर एका अमेरिकन सैनिकाने दोघांचा फोटो काढला. ताई लाजून तोंडावर हात ठेवून हसली, हे त्यांना आठवत होतं. त्याच हिवाळ्यात ती छातीच्या आजाराने गेली. घर आधीच जळालं होतं, फोटो एकही उरला नव्हता.

"तिचा हात आठवतो," ते म्हणाले. "चेहरा आठवत नाही. पाठीवर होतो ना मी."

मी चार महिने शोधलं. हजारो फोटो पाहिले, आणि एक दिवस ती दिसली. डोक्याला फडकं बांधलेली मुलगी, पाठीवर टोपी घातलेलं पोर, तोंडावर हात. नोंदीत फक्त 'मुलगी आणि बाळ, जपान' एवढंच. मी घराखालच्या कोनबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या मशीनवर, फोटोची प्रत काढली आणि शनिवारी पहिल्या शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सेंदाई गाठलं.

ओतोसाननी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग फोटोतल्या पोराच्या टोपीवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी." आणि खाली वाकले, कपाळ चटईला टेकेपर्यंत. माझ्यासमोर. मी त्यांना उठवायला गेलो तर म्हणाले, "नमस्कार तुला नाही, तिला करतोय." पण माझा हात सोडला नाही. फोटो घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यात गेला. रोज सकाळी त्याच्यापुढे वाटीभर ताजा भात ठेवला जाऊ लागला.

तीन आठवड्यांनी ओतोसानसाठी मोठी प्रत काढावी म्हणून मी ते पान पुन्हा उघडलं. फोटोखाली दोन लहान चौकोन होते. पहिला फोटोचा. दुसऱ्यावर मी कधी क्लिकच केलं नव्हतं. नुसता पिवळट रिकामा कागद वाटला होता. ती फोटोची मागची बाजू होती, आणि तिच्यावर पेन्सिलने मुलीचं नाव लिहिलेलं होतं, आणि गाव. ओसाका. खाली ग्रंथालयाची टीप होती: ही मुलगी मोठी झाल्यावर फोटो काढणाऱ्या सैनिकाला कितीतरी वर्षं पत्रं लिहीत होती.

दुसऱ्यांनी न उघडलेले चौकोन उघडून पाहण्याचाच मला पगार मिळतो.

त्या रविवारी सांगायचं ठरवलं होतं. ओतोसान पडद्यावर आले ते दाढी करून, नवा स्वेटर घालून. "काल ताईला सांगितलं, तुला शोधणारा माणूस भारतातला आहे. तिला भारत माहीत नसणार. हत्ती माहीत असेल." मी हसलो. मग पुढच्या रविवारी सांगू म्हटलं, मग ऑगस्टच्या सुट्टीत सेंदाईला गेल्यावर, समोरासमोर. त्या वर्षापासून ते मला पुणे-सान म्हणायचं थांबले आणि मुलगा म्हणू लागले. त्यानंतर तर मी सांगणारच नव्हतो.

पण याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. मी शोध थांबवला. खरी ताई त्याच संग्रहात, पुढच्या एखाद्या पानावर असू शकत होती. शोधत राहिलो असतो आणि ती सापडली असती, तर पहिली कोण, हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी ती पानं उघडलीच नाहीत. ओतोसानकडे दोन वर्षं होती. ती मी घालवली.

या फेब्रुवारीत ते गेले. शवपेटी बंद करायच्या आधी इथे माणसाच्या आवडीच्या वस्तू त्याच्याजवळ ठेवतात. बायकोने त्यांचे पाटी रंगवायचे ब्रश ठेवले. सासूबाईंनी देव्हाऱ्यातला फोटो आणला.

"ताईला भेटतील तेव्हा ओळख पटायला हवी ना," त्या म्हणाल्या.

अंत्यविधीचं काम बघणारा माणूस अदबीने पुढे झाला. "क्षमा करा. फोटोतल्या व्यक्ती हयात नाहीत ना?" जिवंत माणसाचा फोटो पेटीत ठेवत नाहीत. गेलेला त्याला सोबत नेतो, असं मानतात.

"नाही, आत्या लहानपणीच गेली," माझी बायको म्हणाली.

सासूबाई फोटो आत ठेवायला वाकल्या. ओसाकात कुठेतरी नव्वदी ओलांडलेली एक बाई कदाचित त्या वेळी चहा पीत असेल.

"ठेवू नका," मी म्हणालो. "ही जिवंत असेल."

मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोडक्या जपानीत, कारण नीट बोलायला लागणारे शब्द मी कधी शिकलोच नव्हतो. बायको भिंतीकडे बघत राहिली. सासूबाईंनी फोटो पदरात घ्यावा तसा किमोनोच्या बाहीत घेतला.

"दोन वर्षं भात ठेवला हिच्यापुढे," त्या हळूच म्हणाल्या. नंतर विचारलं, "मग आमची ताई कुठे आहे?"

मी त्यांची माफी मागू लागलो.

"मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा. अजून झाकण लावलेलं नाही."

मी पेटीशी गुडघे टेकले. ते त्या दिवशी चटईवर वाकले होते तसाच वाकलो, कपाळ लाकडाला लागेपर्यंत. आणि मराठीत बोललो, कारण खोटं सगळं जपानीत बोललो होतो.

"ओतोसान, ती तुमची ताई नव्हती. मला माहीत होतं. तुम्ही मला मुलगा म्हणालात ते जाईल म्हणून मी सांगितलं नाही, आणि त्याच भीतीने तिला शोधायचंही सोडलं. तुम्ही तिचा चेहरा न बघता जाताय, ते माझ्यामुळे. मला माफ करा."