मूठसाहेबांचा खुराक

मक्यातून इथेनॉल काढून झालं की ओला चोथा उरतो. तो वाळवून जनावरांचा खुराक करायचा, हे ड्रायरवाल्याचं काम. काम तसं बरं करायचा, पण मिजास अशी की जणू मका यानंच शोधून काढला! तपासायची रीत एकच. ड्रायरमधून आलेला गरम खुराक मुठीत दाबायचा, मूठ उघडायची, आणि बोटांतून सळसळत पडला की ओरडायचं, "भरा रे!" कारखान्यात सगळे त्याला मूठसाहेब म्हणत, आणि तो कौतुकच समजायचा. प्रयोगशाळेतल्या बाई सांगायच्या, आधी गार होऊ द्या, मग दाबून बघा.

"हे काय बाळाचं दूध आहे, फुंकर घालायला?" हा खेकसायचा.

सगळा तोरा जावयापुढे. मुलीनं ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं, तेव्हापासून जावयाचं नाव "ते स्टेअरिंग". बिचारा तरी "मामा, मामा" करत इथलाच माल वाहायचा.

चोथ्याचं पाणी आटवून झालेला चिकट पाक थोडाथोडाच चोथ्यात मिसळायचा असतो; त्या दिवशी तो टाकीत बराच साचला होता. मूठसाहेबांनी तो सगळा चोथ्यात ओतला, आच वाढवली, मूठ दाबली आणि वाफाळता माल ट्रकमध्ये भरायला लावला.

"मामा, मागच्या खेपेला माल हौद्यात चिकटून बसला होता. आज अडकला तर ट्रकमालक मला गाडीवरून उतरवणार."

"तू गाडी चालव. माल मला शिकवू नकोस."

वाटेत माल गार झाला आणि पाकानं त्याचा दगड केला. हौदा उभा केला तरी दाणा घसरेना. पहारीनं फोडता फोडता जावयाचे तळहात सोलवटले. गिऱ्हाइकानं ट्रक परत पाठवला.

"भरताना माल ठीक होता?" ट्रकमालकानं मूठसाहेबांना विचारलं.

"माझ्या मुठीतून वाळूसारखा पडत होता की!"

खोटं नव्हतं ते. गरम होता, एवढंच गिळलं मेल्यानं! खापर जावयावर फुटलं, त्याची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र पाक बेताचा, आणि माल जमिनीवर पसरून गार. कुणी विचारलं तर, "मी पहिल्यापासून हेच सांगतोय." वा रे शहाणे!

रविवारी मुलगी आली, जावईही. बाप जेवायला बसला होता. तिनं त्याच्यापुढे ट्रकमधल्या खुराकाचं नारळाएवढं ढेकूळ ठेवलं.

"बाबा, दाबा."

त्यानं हसून दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं. ढेकूळ ढिम्म. समोर जावई बसला होता, तळहातांना पट्ट्या बांधून. मूठसाहेबांना वर बघवेना.

आई पातेलं घेऊन आली. मुलीनं तिचा हात धरला.

"राहू दे आई. आधी हे ढेकूळ घेऊन बाबा ट्रकमालकाला खरं सांगून येतील."