पेपरातला पाळणा

मागच्या खेपेला दुसरा महिना लागल्याबरोबर सासऱ्यांनी नव्या पेठेत दुकानोदुकानी पेढे वाटले. थोड्याच दिवसांत सगळं संपलं. मग शेजारचे दुकानदार मला बघितलं की नजर चुकवायचे. म्हणून या वेळी आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं, तीन महिने होईपर्यंत घरात चकार शब्द काढायचा नाही.

आमचं चादरी-टॉवेलांचं दुकान. बिलं मी करते. एका रिकाम्या दुपारी दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी पाळणे बघितले. नुसते बघितले हो! सकाळी सासरे त्याच कॉम्प्युटरवर पेपर वाचतात, अक्षर मोठं करता येतं म्हणून. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, तर बातमीशेजारी पाळणा. "मामा, बिल काढायचंय," म्हणत मी माऊस ओढला. घाईत फुली मारायला गेले, तर जाहिरातच उघडली. मग काय, पाळण्याच्या जोडीला दुपटी, टोपडी, सगळा बारशाचा बाजार. रोज सकाळी मी त्यांच्याआधी खुर्ची अडवायला लागले.

आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेच झालं. घरी पित्ताचं निमित्त सांगितलं. दुकानात परत आले, तर झबली हजर. असा संताप आला, वाटलं स्क्रीनच फोडावी.

शोधलं तेव्हा कळलं, पाळण्याच्या पानावर कुणीतरी तिऱ्हाईत आपल्या कॉम्प्युटरला खूण चिकटवतो आणि पेपरच्या पानावर तोच त्या खुणेवरून आपल्याला ओळखतो. त्या खुणेला कुकी म्हणतात. या तिऱ्हाइतांच्या कुकी सगळ्यांसाठीच बंद करू, असं आमचे ब्राउझरवाले कितीतरी वर्षं सांगत होते. पुढं ढकलत ढकलत त्यांनी बेतच सोडला. बोलाचाच भात, बोलाचीच कढी. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन मीच त्या बंद केल्या. पाळणा गेला. मला हायसं वाटलं, आणि त्याचंच वाईट वाटलं.

दोन दिवसांनी सासरे चष्मा पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती लेकराची जाहिरात येईना झाली की गं."

मी समोरच्या चादरीची घडी पुन्हा घालायला लागले.

"पहिल्या दिवसापासनं ठावं हाय मला. तुमी सांगाल म्हणून गप बसलो. पोरी, तब्येत बरी हाय नव्हं?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. ते उठले आणि भर बाजाराच्या वेळी शटर अर्ध्यावर ओढून त्यांनी मला रडू दिलं.