खरवडे सरांनी शिकवलेलं बोलणं

वाईट बातमी घेऊन कोणी केबिनमध्ये गेलं की खरवडे सर उजवा तळहात वर करायचे, चौकात पोलीस गाडी थांबवतो तसा. "थांब. आधी एक चांगली गोष्ट सांग." सर्व्हर बंद पडलाय हे सांगायला धावत आलेला माणूस मग छताकडे बघत चांगलं काय घडलं ते शोधू लागायचा. सर वेलची चघळत शांत बसलेले. काहीतरी सापडलं की म्हणायचे, "बघ, चेहरा खुलला. आता बोल." तोवर मूळ बातमीतली निम्मी धग गेलेली असायची. मला तेव्हा हे फार थोर वाटायचं. आता कुठे वेलचीचा वास आला तरी मी तिथून उठते.

बीडला जालना रोडवर एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीची ही छोटी शाखा, आम्ही बारा जण, सर मॅनेजर. ते मूळचे परळीचे. पुण्यात बरीच वर्षं काढून, आपल्याकडच्या पोरांसाठी काहीतरी करायचं म्हणून परत आलेले. पुण्याशी फोनवर बोलताना त्यांची भाषा इस्त्री केलेली असायची. फोन ठेवला की आमच्याकडे वळून, "कावून तोंडं पाडून बसलात बे? चहा सांगा कोणीतरी!" दोन्ही भाषा त्यांना सारख्याच शोभायच्या.

मी वडवणीची. मुलाखतीत माझा आवाज फुटत नव्हता, तरी त्यांनी मला घेतलं. पुढे वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा सरांनी स्वतःच्या गाडीत घालून त्यांना संभाजीनगरला नेलं, दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. हे मी मुद्दाम सांगते आहे. हे गाळून बाकीचं सांगितलं, तर मीही त्यांच्यासारखंच बोलले असं होईल.

दर शनिवारी ते आम्हाला नेतृत्व शिकवायचे. फळ्यावर लिहायचे: 'कळवणं ही कला आहे.' मला टीम लीड केलं तेव्हा माझं एकेक पत्र ते शेजारी बसून दुरुस्त करायचे. "पोरी, तू खरं बोलतेस, पण टोचून बोलतेस. 'अडचण' लिहू नको. 'सुधारणेला वाव' लिही. 'चुकलं' न्हाई म्हणायचं, 'शिकायला मिळालं' म्हणायचं." मी शिकले. लई लवकर शिकले.

त्या वर्षी पाटबंधारे खात्याकडून आमच्याकडे नदीचं काम आलं. वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीत पाणी सोडायचं असलं की नदीकाठच्या लोकांना आपोआप फोन जावा आणि त्यात ध्वनिमुद्रित सूचना ऐकू यावी: पाणी सुटणार आहे, पात्रातून बाहेर या. फोन पोहोचला की अधिकाऱ्यांच्या पडद्यावर त्या नंबरापुढे हिरवी खूण. एवढंच ते सॉफ्टवेअर. उन्हाळ्यात गेवराईच्या बाजूला कोरड्या पात्रात, वाळूवर टरबुजाच्या वाड्या असतात. माणसं तिथेच खोप्या घालून राहतात. त्यांच्यासाठी तर हे खास होतं.

आमचा टेस्टर शकील गेवराईचाच, मोटार मेकॅनिकचा मुलगा. सॉफ्टवेअर तपासायचं म्हणजे नुसतं खुर्चीत बसून नव्हे, असं त्याचं मत. तो मोटारसायकल काढून नदीवर गेला, वाड्यांवरच्या माणसांचे फोन बघून आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"ताई, हे खोटं बोलतंय."

"काय खोटं बोलतंय?"

"आपलं सॉफ्टवेअर. फोन वाजला की हिरवी खूण. उचलला का न्हाई, कोन बघतंय? मी माझाच नंबर टाकला अन् फोन खिशात वाजू दिला. आली हिरवी खूण. तिकडं वाडीवर लाईट न्हाई. तिथल्या रशीदचाचाचा फोन गावात भाच्याच्या घरी चार्जिंगला असतो निम्मा दिवस. त्याला कसं कळायचं?"

त्याने एका कागदावर हे सगळं लिहून खाली सही केली होती. पहिलंच वाक्य होतं: 'माणसाला निरोप न मिळताही मिळाल्याची नोंद होते.' मी तो कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी तळहात वर केला. मी म्हणाले, शकील स्वतः नदीवर जाऊन आला ही चांगली गोष्ट. सर हसले, कागद वाचला आणि हळूच माझ्याकडे सरकवला. "पुढच्या आठवड्यात अधिकाऱ्यांना दाखवायचंय. हे असं गेलं तर ते घाबरतील. घाबरलेला माणूस ऐकत न्हाई. तू लिही नीट."

मी नीट लिहिलं. 'नोंदींच्या पद्धतीत पुढील टप्प्यात सुधारणेला वाव आहे.' सर म्हणाले, "आता तू मॅनेजर झालीस." मला इतका आनंद झाला की शकीलचा कागद फाईलला न लावता तसाच घडी करून मी पर्समध्ये टाकला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला आणि टाळ्या पडल्या. शकील मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

एप्रिलमध्ये पाणी सुटलं. सगळ्यांच्या नावापुढे हिरव्या खुणा आल्या. सकाळी दहाच्या सुमाराला पात्रातल्या वाड्यांमध्ये पाणी शिरलं. बायका-पोरं ओरडत काठावर आली. रशीदचाचा पाणी उपसायचं इंजिन सोडवायला परत गेले, ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन गावं पुढे, बाभळीच्या काट्यांत ते सापडले. त्यांचा फोन भाच्याच्या घरी चार्जिंगला होता. तो वाजला होता आणि आमच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे हिरवी खूण होती.

तीन दिवसांनी खात्याने आम्हाला बैठकीला बोलावलं. अधिकारी बाई होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "फोन उचलला नाही तरी पोहोचला असं दिसतं, हे तुमच्या लोकांना आधी माहीत होतं का?"

सरांनी मान खाली घातली, चष्मा काढला. मग जड आवाजात म्हणाले, "मॅडम, माझी टीम तरुण आहे. तपासणी करणाऱ्याने ही गोष्ट वेळेवर, नीट शब्दांत कळवायला हवी होती. मी त्याला दोष देत नाही. कळवायला शिकवण्यात मीच कमी पडलो."

बैठकीतली माणसं हेलावली. एक जण तर म्हणाला, "एवढी जबाबदारी घेणारा माणूस पाहिला नाही." वाक्य इतकं सुंदर होतं की दोष सरांनी घेतल्यासारखा दिसत होता आणि पडला मात्र होता शकीलवर.

शकील उठला. "मी लिहून दिलतं, म्याडम."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शकील, बाळा, भावनेच्या भरात नको."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही टीम लीड ना? यांनी लिहून दिलं होतं?"

कागद माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. चेन उघडायची, एवढंच करायचं होतं. माझं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "नोंदींच्या पद्धतीत सुधारणेला वाव असल्याचं आम्ही अहवालात नमूद केलं होतं."

माझा स्वतःचाच आवाज, शांत, गोल, कुठेही न टोचणारा. शकील माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी बाईंकडे गेले आणि कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "हा काल कुठे होता?"

"माझ्या पर्समध्ये."

त्यांनी कागद फाईलमध्ये ठेवला.

सर चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बरोबर केलंस तू. मला अभिमान वाटतो." त्या घटकेला मला त्यांची जेवढी शिसारी आली, तेवढी बैठकीतही आली नव्हती. शिव्या घातल्या असत्या, तर निदान कागद देणं हे माझं स्वतःचं राहिलं असतं; आता तेही त्यांच्या शिकवणीत जमा झालं. दोन महिन्यांनी कंपनीने त्यांना पुण्याला परत नेलं. कोणी म्हणालं शिक्षा झाली. प्रत्यक्षात तिथे ते नव्या मॅनेजरांना शिकवतात. विषय तोच, कसं बोलावं.

सॉफ्टवेअर दुरुस्त झालं. शकीलला परत बोलावणारं पत्र मीच पाठवलं, पण तो आला नाही. गेवराईला भावाच्या मोबाईलच्या दुकानात बसतो. मी एकदा गेले. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हणाले, "शकील, मी दुसऱ्या दिवशी दिला रे कागद."

"मालूम हाय, ताई." तो एका मोबाईलचा स्क्रू फिरवत होता. "पन मी आदल्या दिवशी उभा होतो."

मागच्या हिवाळ्यात परळीला एका सहकाऱ्याच्या लग्नात सर भेटले. अंगावर चांगला कोट, भोवती चार-पाच माणसं. मला पाहताच दोन्ही हात पसरले. "या या! ही मनीषा. आता बीडची शाखा हीच सांभाळते. मुलाखतीला आली तेव्हा आवाज फुटत नव्हता हिचा. हिला बोलायला मी शिकवलं." माणसं कौतुकाने माझ्याकडे बघू लागली. त्यात खोटं काही नव्हतं.

मी एवढंच विचारलं, "सर, शकील भेटतो का कधी?"

"कोण शकील?"

त्यांनी सोंग घेतलं नव्हतं. कपाळाला आठ्या घालून ते खरोखर आठवत होते. मी म्हणाले, "नदीचं काम. आपला टेस्टर."

"हां हां, तो!" चेहरा उजळला. "पोरगा हुशार होता. बोलायला जरा कमी पडायचा."

आजूबाजूच्यांनी समजुतीने माना हलवल्या. मी न जेवताच मंडपाबाहेर पडले आणि बसस्टँडकडे चालू लागले.