फटीतला किडा आणि अंगावरचा किडा

कोंबडीचं रक्त पिणारे बारीक किडे दोन जातींचे. एक जात अंगावरच जन्म काढते, शेपटीखालच्या पिसांत मळासारखी दिसते. दुसरी रात्री पिते आणि उजाडायच्या आत बांबूच्या फटीत जाऊन बसते. दिवसा कोंबडी उलटीसुलटी केली तरी सापडत नाही. हे मला आईनं माहेरी, किन्हीराजा गावात, शिकवलं. मी चौथीच शिकले, पण एवढं कळतं.

माझा दीर रिसोडला राहतो. शास्त्राची पदवी घेतली आहे, जेवतानाही ती उतरवून ठेवत नाही. फाल्गुनात तो आला तेव्हा माझी खुडूक कोंबडी बांबूच्या टोपलीत अकरा अंड्यांवर बसून पंधरा दिवस झाले होते. आठवडाभरात पिल्लं निघायची. पण ती सारखी उठत होती, तुरा पांढरा पडला होता. अंडी गार पडली की आतलं पिल्लू गेलंच.

टोपलीच्या कडेला त्याला एक लाल किडा दिसला. त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि अंगणात वर्ग भरवला. "आठ पाय हायेत, वयनी. हा कीटकच नाई, कोळ्याच्या खानदानातला हाय." मग कुळ, उपकुळ, इंग्रजी नावं.

"राह्यते कुठं तो?" मी हळूच विचारलं.

"कोंबडीच्या आंगावर, अजून कुठं? पावडर लावा."

"पण टोपलीत..."

"तू चूप राय," नवरा म्हणाला. "तो शिकेल माणूस हाय."

सात पिढ्यांचं खानदान सांगणाऱ्याला किड्याचं घर माहीत नव्हतं. त्यानं कोंबडी धरून पिठासारखी पावडर चोळली आणि त्याच टोपलीत परत बसवली. संध्याकाळी ती उठली, ती रात्रभर अंड्यांवर आलीच नाही.

सकाळी भाऊजी एसटीला गेले. मी अंडी काढून टोपली पांढऱ्या फडक्यावर आपटली. फडकं लाल झालं. टोपली आत अंथरलेल्या कुटारासकट, भुशासकट चुलीत घातली. लोखंडी घमेल्यात राख, वर नवं कुटार, वर अंडी. दुपारी कोंबडी आपणहून बसली.

चार पिल्लं निघाली. सात अंडी उकिरड्यात पुरली. एक फोडून पाहिलं, चोच आलेली होती.

भाऊजींचा फोन आला. "निंगाले ना पिल्ले? म्या सांगतलंच होतं. फोटो पाठवा, ग्रुपवर टाकतो."

नवऱ्यानं चार पिल्लांचा फोटो पाठवला.