अकरा नामांकनं आणि एक घोडी

शहाद्यात माझी भाकरी शाबूत राहिली ती नानांमुळे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी त्यांच्याविषयी जे बोलणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटायचं नाही. नाना म्हणजे आमच्या गल्लीतले अहिराणी सिनेमातले नट, आणि बक्षिसाचा इतका हावरा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा नसेल. उभ्या कारकिर्दीत त्यांनी सासरे, तलाठी आणि प्रेतं केली. बक्षीस एकही नाही, नामांकनं अकरा. त्यातलं एक प्रेताच्याच भूमिकेचं, आणि त्या सिनेमात ते तिरडीवर शिंकलेले स्वच्छ दिसतात. दारावरच्या पाटीवर नावाआधी ‘अकरा वेळा नामांकित’. सोहळ्यात खुर्चीला लावलेली ‘नामांकित’ ही चिठ्ठी ते दर वेळी सोलून घरी आणत आणि ओट्यावरच्या खुर्चीला चिकटवत. त्या खुर्चीवर जावयालाही बसायची सोय नव्हती. हरले की म्हणत, “बक्षीस काय, कोनले बी भेटस. नामांकनले लायकी लागस!” एकदा धडगावच्या जीपमध्ये त्यांनी पुढे बसायचा हट्ट धरला, तर ड्रायव्हर म्हणाला, “नाना, पुढेनी सीट विजेतासाठे. नामांकित मांगे लटका!” आणि नाना खरंच घाटभर मागे लटकले. खिशात आभाराचं भाषण कायम तयार. प्रकाशा गावात एका भाऊबंदाच्या दहाव्याला ‘दोन शब्द’ बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता परीक्षकांचे आभार मानून मोकळे झाले.

मी चंद्रपूरकडचा. शाळा आठवीत सुटली, आणि गावापासून इतक्या लांब येऊन एका ट्रॉफीच्या दुकानात नावांच्या पट्ट्या चिकटवतो. अक्षर लावून वाचता येतं, पण घाईत घाबरतो. दोन चुका आधीच झालेल्या. शेठ म्हणाले होते, “तिसरी झाली की एसटी पकडायची.” तशात सिनेमाचा सोहळा आणि घोड्यांची स्पर्धा, दोन्ही ऑर्डरी एकाच आठवड्यात आल्या. ट्रॉफ्याही एकसारख्या, काचेच्या.

बाराव्या खेपेला नाना जिंकले! ट्रॉफ्यांचा ट्रे धरून मी मंचावरच उभा होतो. पाहुण्यांनी ट्रॉफी उचलून नानांच्या हाती दिली तेव्हा पट्टी मला दिसली: ‘उत्कृष्ट चाल, घोडी गट, प्रथम.’ समोर पहिल्या रांगेत शेठ. त्यात इकडची रीत अशी, की विजेत्याने पट्टी माइकवर वाचून दाखवायची.

नानांनी पट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. ज्यांना प्रेताचं काम धड जमलं नाही, त्यांनी पापणी न हलवता खणखणीत वाचलं, “उत्कृष्ट सहायक अभिनेता!” टाळ्या पडल्या. फोटोवाला ओरडत होता, “नाना, अंगठा काढा, अक्षरं दिसत नाहीत!” नानांनी अंगठा तर काढला नाहीच, वर शाल ओढली. इतक्या वर्षांचं भाषण खिशात राहिलं. “आभारी शे,” एवढंच बोलले आणि खाली उतरले. थांबले असते तर कुणीतरी ट्रॉफी बघायला मागितलीच असती.

हॉलच्या मागे मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, “ऊठ रे पाव्हना. ती घोडी कोनी शे? चाल भारीच व्हई!”

“नाना, दुकानात आणा. बदलून देतो.”

“दुकानमा आनी तं तुन्हा शेठ पट्टी वाची.”

“मग मी घरी येतो.”

“उपटशी तं काच फुटी. एकच तं शे. ऱ्हाऊ दे.”

घोडीची ट्रॉफी अजून दुकानातच होती. नानांची पट्टी लागलेली ती ट्रॉफी शेठच्या नजरेखालून बाहेर काढणं शक्य नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिची पट्टी मी दुकानातच बदलली. नानांची मात्र कपाटात पट्टी भिंतीकडे करून उभी आहे. कुणी विचारलं तर म्हणतात, “मांगून जास्त चांगली दिखस.” बढाया कमी झालेल्या नाहीत, उलट आता बारा नामांकनं सांगतात आणि पाहुण्यांना जास्त वेळ बसवून ठेवतात. पण पाहुणा उठून कपाटाकडे निघाला की नानाही उठतात, आणि त्याच्या आधी तिथे जाऊन उभे राहतात. सत्तरीला आलेला माणूस, गुडघे दुखतात, तरी उठतात. ते मला बघवत नाही.

कोरायचं मशीन मी आता हळूहळू शिकतोय. स्वतःचं दुकान कधी होईल, होईल की नाही, ठाऊक नाही. पण नाना, झालं तर पहिली ट्रॉफी तुमची, पितळी पट्टीची, तुमच्या नावाची. आणि चिकटवण्याआधी ती पट्टी मी चार माणसांकडून वाचून घेईन.